वाऱ्याचा एक आकडा कसा तयार होतो: वेग आणि दिशेच्या सरासरीचं गणित

चक्रीवादळाच्या बातमीत वाऱ्याच्या वेगाचे नेहमी दोन आकडे असतात. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने वारे वाहतील, मध्येच वेग १२० पर्यंत जाईल, अशा धाटणीचं वाक्य. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हाचे इशारेही असेच होते. वारा एकच, मग आकडे दोन का? कारण पहिला आकडा काही मिनिटांची सरासरी असतो आणि दुसरा जेमतेम काही सेकंदांची. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचा वेग ३ मिनिटांच्या सरासरीने सांगतो, अमेरिकी संस्था १ मिनिटाच्या, तर जागतिक हवामान संघटनेचं प्रमाण १० मिनिटांचं आहे. म्हणून एकाच वादळाचा अमेरिकी आकडा आपल्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो आणि लगेच कोणीतरी म्हणतं, आपल्याकडे वादळ कमी करून सांगतात. तसं नसतं. खुल्या समुद्रावर १ मिनिटाच्या आकड्याला ०.९३ ने गुणलं की १० मिनिटांचा आकडा साधारण मिळतो.

सरासरी किती वेळाची आणि कोणत्या पद्धतीने काढलेली, हे सोबत नसेल तर वाऱ्याचा आकडा अर्धाच. या दोन्ही गोष्टी ठरतात खांबावरच्या सेन्सरमध्ये आणि त्याला जोडलेल्या डेटा लॉगरमध्ये, म्हणजे मोजमापं नोंदवून ठेवणाऱ्या यंत्रात, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

पल्स मोजणं हीच पहिली सरासरी

तीन वाट्यांचा किंवा पंख्याचा वेगमापक खरं तर वेग मोजत नाही. तो फिरतो आणि प्रत्येक फेरीला ठरावीक पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, देतो. आर. एम. यंग कंपनीच्या ०५१०३ या प्रसिद्ध पंख्याच्या सेन्सरचं उदाहरण घेऊ. २९.४ सेंटीमीटर वारा पुढे सरकला की त्याची एक फेरी होते आणि एका फेरीत तीन पल्स निघतात. म्हणजे एक पल्स म्हणजे ९.८ सेंटीमीटर वारा. लॉगर ठरलेल्या वेळात किती पल्स आले ते मोजतो, म्हणजे तेवढ्या वेळात किती लांबीचा वारा निघून गेला ते मोजतो. त्याला वेळेने भागलं की वेग. ही आपोआप झालेली सरासरीच आहे, आणि चांगली सरासरी आहे.

अडचण येते ती फार छोटी वेळ धरली की. हौशी लोकांकडे खूप दिसणाऱ्या डेव्हिसच्या वाट्यांच्या सेन्सरला एका फेरीत एकच पल्स येतो आणि तो साधारण १ मीटर वाऱ्याचा असतो. वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहतोय आणि आपण दर पाव सेकंदाला मोजतोय असं समजा. पाव सेकंदात सव्वा मीटर वारा जातो, म्हणजे कधी १ पल्स, कधी २. वेग दिसणार कधी ४, कधी ८. खरा वारा अगदी स्थिर असला तरी. म्हणून या सेन्सरला सव्वादोन सेकंदांच्या आसपास मोजलं जातं. तेवढ्या वेळात आलेला प्रत्येक पल्स म्हणजे नेमका ताशी १ मैल. यंगच्या पंख्यालाही पाव सेकंदात एका पल्सची घट-वाढ म्हणजे सेकंदाला सुमारे ०.४ मीटरचा फरक, पण ३ सेकंदांच्या मोजणीत तोच फरक ०.०३ वर येतो.

पल्समध्ये आणखी एक खोड आहे. चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की बंद होणारा छोटा स्विच) वापरणाऱ्या सेन्सरमध्ये स्विच बंद होताना क्षणभर थरथरतो आणि एका फेरीचे दोन-तीन पल्स मोजले जातात. सरासरीत ते फारसं दिसत नाही, पण कमाल वेगाच्या रकान्यात अचानक सेकंदाला ५०-६० मीटर उगवतात. उपाय सोपा आहे: एक पल्स आल्यावर पुढचे काही मिलिसेकंद येणारं सगळं दुर्लक्षित करायचं. मीटरला एक पल्स देणाऱ्या सेन्सरचे सेकंदाला ६० मीटर वेगातही दोन पल्स १६-१७ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, त्यामुळे ५ मिलिसेकंदांची बंदी खऱ्या वाऱ्याला आड येत नाही. केबलच्या जोडात पावसाचं पाणी शिरलं तरीही असेच खोटे पल्स येतात, आणि त्याला मात्र सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही.

शिवाय वाट्यांना स्वतःचा जडपणा असतो. वारा अचानक वाढला की त्या लवकर वेग घेतात, कमी झाला की उशिरा मंदावतात. त्यामुळे झोतांच्या वाऱ्यात वाट्यांची सरासरी खऱ्यापेक्षा थोडी जास्त निघते. हा जडपणा सेकंदात नव्हे, मीटरमध्ये सांगतात: नव्या वेगाच्या ६३ टक्के गाठायला किती वारा पुढून जावा लागतो ते अंतर. चांगल्या सेन्सरमध्ये ते २ ते ५ मीटर असतं. अंतर ३ मीटर असेल तर सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात सेन्सरला एक सेकंद लागतो, १५ मीटरच्या वाऱ्यात फक्त पाचवा हिस्सा.

अल्ट्रासॉनिक सेन्सरला फिरणारा भागच नाही. समोरासमोरच्या दोन टोकांमध्ये आवाज दोन्ही बाजूंनी पाठवतात आणि लागलेला वेळ मोजतात. टोकांमधलं अंतर १५ सेंटीमीटर आणि तापमान २५ अंश असेल, तर शांत हवेत आवाजाला सुमारे ४३३ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल तर वाऱ्याच्या दिशेने ४२७ आणि विरुद्ध ४४०. या दोन वेळांच्या व्यस्तांकांची वजाबाकी केली की आवाजाचा वेग गणितातून निघून जातो, त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्याने उत्तर बदलत नाही. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन जोड्यांमधून वेग आणि दिशा दोन्ही मिळतात. पावसाचा थेंब टोकावर बसला, कोळ्याने जाळं विणलं किंवा पक्षी येऊन टेकला की मात्र सॅम्पल, म्हणजे त्या क्षणाचं मोजमाप, वाया. म्हणून प्रत्येक सॅम्पलसोबत सेन्सर एक स्थितीचा कोड पाठवतो. तो न वाचता सगळी सॅम्पलं सरासरीत ढकलणारे लॉगर प्रोग्रॅम कमी नाहीत.

दहा मिनिटं का, तीन सेकंद का

१९५७ साली व्हॅन डर होवेन या अमेरिकी संशोधकाने दाखवलं की वाऱ्यातले चढ-उतार सगळ्या कालावधींवर सारखे पसरलेले नसतात. एक मोठा उंचवटा काही दिवसांच्या आसपास असतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या हवामान प्रणालींचा. दुसरा मिनिटभराच्या आसपास, म्हणजे जमिनीजवळच्या घुसळणीचा. मधल्या पट्ट्यात तुलनेने शांतता. १० मिनिटांची सरासरी घेतली तर घुसळण बरीचशी पुसली जाते आणि हवामानाचा बदल तसाच राहतो. विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला मात्र १० मिनिटांपूर्वीच्या वाऱ्याचा उपयोग नाही, म्हणून नियंत्रण कक्षात २ मिनिटांची सरासरी दाखवतात. विमानतळावरून ठरावीक वेळेला जगभर जाणाऱ्या ‘मेटार’ या हवामान अहवालात साधारणपणे १० मिनिटांची असते.

झोत, म्हणजे अहवालातला गस्ट, हा ३ सेकंदांच्या सरासरीचा कमाल आकडा. जागतिक हवामान संघटनेची शिफारस अशी: दर पाव सेकंदाला एक सॅम्पल, शेवटच्या १२ सॅम्पलांची सरकती सरासरी, आणि १० मिनिटांत तिची जी कमाल येईल तो झोत. ‘सरकती’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ३ सेकंदांचे स्वतंत्र गट पाडले आणि सेकंदाला २० मीटरचा तीन सेकंद टिकलेला झोत नेमका दोन गटांच्या सीमेवर आला, तर आजूबाजूच्या १० मीटरच्या वाऱ्यात मिसळून दोन्ही गट १५ दाखवतील. झोत हरवला.

उलट बाजूने, दर सेकंदाचं सॅम्पल थेट कमाल म्हणून नोंदवणारं स्टेशन शेजारच्या ३ सेकंदवाल्या स्टेशनपेक्षा नेहमीच मोठे झोत दाखवणार. आणि दर १६ सेकंदांनी एकदाच माहिती पाठवणाऱ्या स्वस्त वायरलेस स्टेशनने जर मधला कमाल सांभाळून ठेवला नसेल, तर त्याला बरेचसे झोत दिसतच नाहीत. अशा तीन स्टेशनांच्या झोतांची तुलना करून कुठे जास्त वारा होता ते ठरवू नये.

हीच गल्लत बांधकामातही होते. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे, पुण्यासाठी ३९, नागपूरसाठी ४४. हे १० मीटर उंचीवरचे, सुमारे ३ सेकंदांच्या झोताचे आकडे आहेत. गच्चीवरच्या होर्डिंगचा हिशोब करताना जवळच्या स्टेशनची १० मिनिटांची सरासरी यांच्याशी ताडून ‘एवढा वारा इथे कधी येतच नाही’ म्हणणं चुकीचं.

एप्रिल-मे महिन्यातला वळीव १० मिनिटांच्या सरासरीचा खरा शत्रू. सात मिनिटं पश्चिमेकडून सेकंदाला ३ मीटर, मग ढगाखालून आलेली गार हवा आणि तीन मिनिटं पूर्वेकडून १५ मीटर. सरासरी वेग ६.६ मीटर, आणि तो वेग त्या दहा मिनिटांत एकदाही नव्हता. विमानतळांसाठी यावर नियम आहे: दिशा ३० अंश किंवा जास्त बदलली आणि बदलाच्या आधी किंवा नंतर वेग १० नॉट (ताशी सुमारे १८.५ किलोमीटर) असेल, किंवा वेगच १० नॉटने बदलला, आणि हा बदल किमान २ मिनिटं टिकला, तर जुनी सॅम्पलं टाकून द्यायची आणि सरासरी बदलाच्या क्षणापासून नव्याने सुरू करायची. सामान्य लॉगरमध्ये ही सोय नसते. तिथे वळीव ओळखायचा तो सरासरी आणि झोत यांच्यातल्या मोठ्या तफावतीवरून.

दिशा: इथे साधी सरासरी चालत नाही

वारा ३५० अंश आणि १० अंश यांच्यामध्ये हेलकावे घेतोय, म्हणजे उत्तरेकडून येतोय. बेरीज करून दोनने भागा: १८०. दक्षिण! घड्याळात ११ आणि १ यांच्या मधोमध १२ असतात, ६ नव्हे, हे आपल्याला न शिकवता कळतं. लॉगरला ते शिकवावं लागतं.

शिकवण्याची नेहमीची पद्धत अशी. प्रत्येक दिशेचा साइन आणि कोसाइन काढायचा. साइनांची सरासरी वेगळी, कोसाइनांची वेगळी. मग या दोन सरासरींवरून दोन आकडे घेणाऱ्या व्यस्त टॅन्जंट फंक्शनने कोन परत मिळवायचा आणि उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवायचे. ३५० आणि १० चे साइन एकमेकांना खोडतात, कोसाइन ०.९८५ उरतो, कोन शून्य. उत्तर.

तिथे तीन ठेचा हमखास लागतात. एक, कोन अंशात देऊन फंक्शन रेडियनमध्ये चालवणं. दोन, एकच आकडा घेणारा साधा व्यस्त टॅन्जंट वापरणं. त्याला ईशान्य आणि नैर्ऋत्य यांत फरक कळत नाही. तीन, एक्सेल. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये या फंक्शनला आधी साइनची बाजू आणि मग कोसाइनची द्यायची असते. एक्सेलमध्ये क्रम नेमका उलटा आहे. क्रम चुकला तर उत्तरेच्या जागी पूर्व येते, आकडे दिसतात मात्र अगदी खरे.

जुन्या, कमी ताकदीच्या लॉगरसाठी त्रिकोणमिती टाळणारी मित्सुता पद्धत आहे. प्रत्येक नवीन दिशा आधीच्या दिशेशी ताडायची. फरक १८० पेक्षा जास्त असेल तर नव्या आकड्यात ३६० मिळवायचे किंवा वजा करायचे, म्हणजे ३५० नंतरचा १० हा ३७० होतो. मग साधी सरासरी काढून उत्तर ० ते ३६० च्या आत आणायचं. छान चालते, फक्त सॅम्पलं भराभर घेतलेली असली पाहिजेत; दोन सॅम्पलांमध्ये दिशादर्शक अर्ध्या वर्तुळाहून जास्त फिरला तर तो कोणत्या बाजूने गेला हे तिला कळत नाही.

आता खरा निवडीचा प्रश्न. वरच्या साइन-कोसाइन हिशोबात प्रत्येक सॅम्पलला समान वजन आहे, वारा जोरात असो की मंद. दुसरा मार्ग म्हणजे साइन आणि कोसाइन दोन्ही वेगाने गुणून मग बेरीज करायची. एक मिनिट पश्चिमेकडून ८ मीटरचा वारा आणि एक मिनिट दक्षिणेकडून २ मीटरचा घ्या. समान वजनाने दिशा येते २२५ अंश, म्हणजे नैर्ऋत्य. वेगाच्या वजनाने येते २५६, जवळपास पश्चिम. वेगाची साधी सरासरी ५ मीटर, पण दोन्ही वारे दिशेसह बाण मानून त्या बाणांची बेरीज करून अर्धी केली तर ४.१. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. दिशादर्शक बहुतेक वेळ कुठे पाहत होता, याचं उत्तर पहिलं. धूर किंवा गळालेला वायू नेमका किती आणि कुठे सरकला, याचं उत्तर दुसरं. इमारतीवरचा दाब, पवनचक्की, विमानतळ यांना वेगाची साधी सरासरी लागते. चांगले लॉगर वेगाच्या दोन्ही सरासरी जपून ठेवतात, आणि त्यांचं गुणोत्तर, इथे ४.१ भागिले ५ म्हणजे ०.८२, वारा किती स्थिर होता तेही सांगतं.

गुणोत्तर शून्याच्या जवळ आलं की दिशा विसरायची. अर्धा वेळ पश्चिमेकडून ५, अर्धा वेळ पूर्वेकडून ५, तर बाणांची बेरीज शून्य आणि दिशा अस्तित्वातच नाही. कॉम्प्युटर मात्र शून्य म्हणत नाही. दशांशाच्या सोळाव्या घरातल्या कचऱ्यावरून एखादी दिशा ऐटीत छापतो. मेटारमध्ये यासाठी ‘बदलती दिशा’ असा वेगळा कोड आहे: दिशेत ६० अंश किंवा अधिक फरक आणि वेग ३ नॉटपेक्षा कमी, किंवा फरकच १८० अंश वा अधिक.

दिशा किती डगमगली तेही काही जणांना हवं असतं, मुख्यतः हवेच्या प्रदूषणाची मॉडेलं चालवणाऱ्यांना. त्यासाठी १९८४ मध्ये सुचवलेलं यामार्टिनोचं सूत्र वापरतात. साइन आणि कोसाइन या दोनच सरासरींवरून ते प्रमाणित विचलन देतं, सगळी सॅम्पलं साठवावी लागत नाहीत. आपल्या ३५० आणि १० च्या उदाहरणाला ते १० अंश देतं, जे डोळ्यांनाही पटतं.

गणिताच्या आधीच दिशा बिघडवणारी एक जागा आहे. साध्या दिशादर्शकात आत गोल पोटेन्शिओमीटर (फिरेल तसं व्होल्टेज बदलणारा रेझिस्टर) असतो आणि त्याचा पट्टा जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे सुमारे ५ अंशांची मोकळी फट राहते, उत्तरेच्या अलीकडे. तिथे सिग्नल तरंगतो, म्हणजे त्याला ठरलेलं व्होल्टेजच नसतं. सिग्नल शून्याकडे ओढणारा रेझिस्टर लावला नसेल तर काहीही वाचलं जातं. त्याहून वाईट म्हणजे सिग्नलमधली खरखर कमी करायला त्यावर लावलेला मोठा कपॅसिटर. दिशादर्शक ३५५ वरून ० वर गेला की व्होल्टेज वरून खाली हळूहळू उतरतं, आणि त्या उतरणीत घेतलेली सॅम्पलं वारा दक्षिणेचा होता असं सांगतात. तीच साधी सरासरीची चूक, फक्त तारेत झालेली. सुटी सॅम्पलं घ्या, गुळगुळीत करायचं काम साइन-कोसाइनवर सोपवा.

बसवताना उत्तर म्हणजे खरी उत्तर. महाराष्ट्रात होकायंत्र आणि खरी उत्तर यांत एका अंशाच्या आतच फरक आहे, तो सोडून द्या. पण लोखंडी खांबाला टेकवून होकायंत्र वाचलं तर १०-२० अंशांनी फसाल. खांबापासून दूर उभं राहून लांबच्या खुणेवर रोख धरा.

शांत हवा, रिकाम्या जागा आणि तासाची सरासरी

वारा पडला की दिशादर्शक शेवटच्या दिशेला तसाच थांबतो. रात्रभर तो आग्नेयेकडे पाहत राहिला तर समान वजनाच्या सरासरीत रात्रभर आग्नेय वारा. म्हणून सेन्सर फिरायला लागतो त्या वेगाखालची सॅम्पलं दिशेच्या हिशोबातून वगळायची, वेगाच्या हिशोबात मात्र शून्य म्हणून ठेवायची. उलट केलं, म्हणजे वेगातूनही वगळली, तर सरासरी वेग फुगतो. नोंदीची रीत अशी की उत्तरेचा वारा ३६० लिहायचा आणि ० हा शांत हवेसाठी राखायचा. खराब सॅम्पलं वगळल्यावर तीन चतुर्थांशपेक्षा कमी उरली, तर त्या १० मिनिटांची जागा रिकामी ठेवलेली बरी.

सहा दहा-मिनिटांवरून तासाचा आकडा करताना वेगाची सरासरी चालते, झोताचा फक्त कमाल घ्यायचा, आणि दिशेसाठी पुन्हा साइन-कोसाइनच्या बेरजांकडे जायचं. वेळेची सीमाही तपासा. लॉगर जागतिक वेळेवर असेल तर त्याचा तास आपल्या घड्याळात साडेपाच, साडेसहा असा अर्ध्यावर संपतो. १०:१० ही नोंद १०:०० ते १०:१० ची आहे की १०:१० ते १०:२० ची, हे कंपनीनुसार बदलतं.

दिवसाची सरासरी दिशा तर किनाऱ्यावर काढूच नये. मुंबईत हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून, ईशान्य-पूर्वेकडून येतो आणि दुपारी समुद्रावरून, वायव्य-पश्चिमेकडून. दोघांची सरासरी ‘उत्तर’ आली तरी तो उत्तरेचा वारा कुणालाच लागलेला नसतो. तिथे १६ दिशांचा वारागुलाब, म्हणजे कोणत्या दिशेकडून किती वेळ वारा आला ते दाखवणारी आकृती, काढावा, प्रत्येक पाकळी २२.५ अंशांची.

साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांसारख्या ठिकाणी नुसता सरासरी वेगही पुरत नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ ८ मीटर असेल तर सरासरी ६, तिचा घन २१६. पण घनांची सरासरी २८८, म्हणजे ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने जास्त. म्हणून तिथे दर १० मिनिटांना सरासरीसोबत विचलन, किमान आणि कमाल साठवतात.

आपल्याकडच्या यंत्रात दिशेची सरासरी कोणत्या पद्धतीने होते हे माहितीपत्रकात बहुधा लिहिलेलं नसतं, पण तपासता येतं. सेन्सर खाली उतरवा, वाट्या हाताने फिरत्या ठेवा, नाहीतर लॉगर शांत हवा समजून दिशा वगळेल. दिशादर्शक उत्तरेच्या डावीकडे ४० अंशांवर आणि उजवीकडे ४० अंशांवर, अर्धा-अर्धा मिनिट असा आलटून पालटून सरासरीचा पूर्ण कालावधी धरा. नोंद ३६० च्या आसपास आली तर ठीक. १८० च्या आसपास आली तर त्या यंत्राच्या जुन्या नोंदींतली उत्तरेच्या वाऱ्याची प्रत्येक दिशा संशयित, आणि मूळ सॅम्पलं साठवलेली नसतील तर ती दुरुस्तही करता येणार नाही.